भाड्यानं मिळणारा पत्ता

मागच्या खेपेला आपण पिनकोडचा इतिहास पाहिला. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते, संस्कृतचे कवी होते, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या सहा आकड्यांच्या पद्धतीचे जनकही तेच. त्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली होती. पिनकोड गावाला चिकटलेला असतो हे समजलं, पण मोबाइललाही म्हणे पत्ता असतो. तो कोण देतं, आणि तो माझा असतो का?

चिठ्ठीत दोन प्रश्न आहेत. ‘कोण देतं’ हा इतिहासाचा प्रश्न आहे. ‘माझा असतो का’ हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या वाट्याचा आहे, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्यापायी आपल्या पुण्यात एक माणूस तुरुंगात गेलेला आहे. तिथवर आपण येऊच. आधी इतिहास.

आयपी पत्ता म्हणजे काय ते थोडक्यात सांगून पुढं जाऊ. नेटवर्कवर माहिती पुडक्यांच्या रूपात जाते. प्रत्येक पुडक्यावर दोन आकडे असतात: निघालं कुठून आणि जायचं कुठं. आपण तो आकडा १९२.१६८.१.५ असा चार तुकड्यांत लिहितो. यंत्राच्या लेखी तो ३२ बिटांचा एकच आकडा. ३२ बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते होतात. १९७७ च्या सुमारास व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ हा आकडा पक्का केला तेव्हा त्यांच्या नजरेसमोर एक प्रयोग होता. ४२९ कोटी पत्ते कधी अपुरे पडतील, हा विचार त्या काळी हास्यास्पदच वाटला असता.

त्या काळचा संगणक डोळ्यांसमोर आणा. एक खोली भरून यंत्र, त्याला वातानुकूलन, त्याची देखभाल करणारी दोन-चार माणसं. ते यंत्र एका इमारतीतून दुसरीकडे न्यायचं तर ट्रक बोलवावा लागे. असं यंत्र जागचं हलत नाही, मालक बदलत नाही, वर्षानुवर्षं चालू राहतं. त्याला एकदा नंबर दिला की काम झालं. पत्ता कायमचा असतो ही समजूत इथून आली, आणि त्या परिस्थितीत ती बरोबरच होती.

हे नंबर देत कोण होतं? जॉन पोस्टेल नावाचा दाढीवाला, शांत स्वभावाचा माणूस. अर्पानेट या अमेरिकन नेटवर्कवर काम करणारी मंडळी एकमेकांना टिपणं पाठवत. त्या टिपणांना आरएफसी म्हणतात, म्हणजे ‘मतं मागवत आहोत’. मे १९७२ मधल्या एका टिपणात पोस्टेलनी सुचवलं की नेटवर्कवर कुठल्या कामाला कुठला क्रमांक वापरायचा हे एकाच माणसानं ठरवावं. आणि तो माणूस बहुधा मी, असं कंसात प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही. पुढं नेटवर्कचे पत्तेही त्यांच्याच वहीत आले. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी काढलेल्या क्रमांकांच्या यादीत प्रत्येक नेटवर्कपुढं जबाबदार माणसाचा उल्लेख आहे. गावच्या तलाठ्याकडं सातबारा असावा तसा सगळा मामला.

दुसरं ठिकाण कॅलिफोर्नियातच, मेन्लो पार्क इथं, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. तिथं एलिझाबेथ फाइनलर यांचा गट एक फाइल सांभाळत असे. तिचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. कुठल्या यंत्राचं नाव काय आणि पत्ता काय याची ती यादी. नेटवर्कवर नवं यंत्र आणायचं असेल तर कार्यालयाच्या वेळेत तिथं फोन करायचा, त्या बाया नोंद करणार, आणि बाकीच्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. इंटरनेटचा इतिहास सांगताना लोक तारा आणि यंत्रंच सांगतात. आपण म्हणू की त्याची पहिली दहा-पंधरा वर्षं कारकुनीवर चालली, आणि ती कारकुनी उत्तम दर्जाची होती.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट आजच्या पद्धतीवर आलं आणि आयपी पत्ते सक्तीचे झाले. पत्ते ठोक भावात वाटले गेले. सगळ्यात मोठ्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते. असे अख्खे गट आयबीएमला मिळाले, झेरॉक्सला मिळाले, एमआयटीला आणि स्टॅनफर्डला मिळाले, पुढं ॲपललाही. वतनं होती ती. मागितलं आणि मिळालं; किती वापरता असं विचारलं नाही. स्टॅनफर्डनं आपलं वतन नंतर परत केलं, याची नोंद केली पाहिजे. एमआयटीनं २०१७ मध्ये आपल्याकडचा निम्मा भाग विकायला काढला.

वतनदाराच्या आत काय चाले? संस्थेला नंबरांचा गट मिळाला, पण प्रत्येक यंत्राला त्यातला एक हातानं द्यायचा. त्यासाठी एक माणूस आणि एक वही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी हे आपल्याकडं पाहिलं आहे, जरा उशिरा, १९९० चं दशक सरताना. आम्ही शिकवत होतो त्या ठिकाणी विभागात चार संगणक आले. प्रत्येकाच्या पाठीला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर नंबर. एका उन्हाळ्यात रंगकाम झालं, यंत्रं हलली, चिठ्ठ्या गळून पडल्या. मग दोन यंत्रांना एकच नंबर लागला आणि पडद्यावर तक्रार येऊ लागली की तुमचा पत्ता दुसरं कोणी वापरतंय. दोघंही प्राध्यापक आपापल्या खुर्चीत बसून, ‘हा माझाच नंबर आहे’, असं म्हणत राहिले. नंबर ज्याला माहीत तो संगणकवाला रजेवर. त्याची वही कपाटात, कपाटाला कुलूप. असो.

तर हाताचं काम वाढत गेलं, हे एक कारण. पण पत्ता आपोआप मिळावा या विचाराची सुरुवात त्रासातून झाली नाही. ती एका विचित्र यंत्रामुळं झाली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये आणि तिथूनच निघालेल्या सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीत असे वर्कस्टेशन बनू लागले ज्यांच्यात डिस्कच नव्हती. डिस्क महाग होती. म्हणून यंत्र सुरू झालं की त्यानं आपला सगळा प्रोग्राम नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडून मागून घ्यायचा. कल्पना छान आहे. अडचण अशी की मागायला पुडकं पाठवावं लागतं, पुडक्यावर ‘कुठून’ लिहावं लागतं, आणि या यंत्राला स्वतःचा पत्ता आठवायला जागाच नाही. वीज गेली की स्मृती गेली. रोज सकाळी हे यंत्र ‘मी कोण’ असं विचारत उठतं. आमच्या विषयातल्या लोकांना ही अवस्था ओळखीची आहे, पण तिच्यावर इलाज मात्र इंजिनिअरांनी काढला.

यंत्राजवळ एक गोष्ट असते. इथरनेटच्या कार्डावर कारखान्यातच एक ४८ बिटांचा क्रमांक कोरलेला असतो. जगात दुसऱ्या कार्डाला तो नसावा अशी व्यवस्था. पण त्या क्रमांकावरून यंत्र कुठं आहे हे कळत नाही. जन्मखूण असावी तसा तो. जन्मखुणेवर पत्र पोचत नाही. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या फिनलेसन, मान, मोगुल आणि थीमर या चौघांनी मार्ग सुचवला. यंत्रानं तारेवर सगळ्यांना उद्देशून ओरडायचं: माझी जन्मखूण ही, माझा पत्ता कोणाला ठाऊक आहे का? ज्याच्याकडं यादी आहे त्यानं सांगायचं. नेहमी आपण पत्त्यावरून कार्डाचा क्रमांक शोधतो; हे उलट, म्हणून नाव रिव्हर्स एआरपी.

यात दोन उणिवा होत्या. ती आरोळी त्याच तारेपुरती. राउटरच्या पलीकडं जात नसे, त्यामुळं प्रत्येक तारेवर यादीवाला वेगळा बसवावा लागे. आणि उत्तरात फक्त पत्ता मिळे. पुढचा रस्ता कुठला, प्रोग्राम कोणाकडं मागायचा, काही नाही.

सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाची पद्धत मांडली. या दोघांनी एक धाडस केलं. त्यांनी तीच आरोळी नेहमीच्या आयपी पुडक्यात घातली. आता बघा, ज्याला आयपी पत्ता नाही तो आयपी पुडकं पाठवणार कसा? ‘कुठून’ या जागी त्यांनी शून्य लिहिलं: ०.०.०.०. आणि ‘कुठं’ या जागी सगळे आकडे भरून: २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याला. पाठवणारा कोणी नाही, ऐकणारे सगळे.

त्या टिपणात एका भागाला त्यांनी नावच दिलं आहे ‘कोंबडी आणि अंडं’. उत्तर देणाऱ्यानं उत्तर पाठवायचं कुठं? पत्त्यावर पाठवायचं तर तो पत्ता आपला आहे हे घेणाऱ्याला अजून माहीतच नाही. तेच तर उत्तरात आहे. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. क्रॉफ्ट आणि गिलमोर यांनी तो दोष तर्कानं सोडवला नाही. त्यांनी खालच्या थराचा आधार घेतला: पत्ता ठाऊक नसला तरी जन्मखूण ठाऊक आहे, तेव्हा उत्तर थेट त्या कार्डाला पोचवा, नाहीतर पुन्हा सगळ्यांना ओरडून सांगा. जिथं वरच्या पायरीवर वर्तुळ होतं तिथं एक पायरी खाली उतरायचं. आम्ही चाळीस वर्षं वर्गात अनवस्था, चक्रक, अन्योन्याश्रय शिकवले, पण इतकं व्यवहारी उदाहरण हाती असतं तर मुलं जागी राहिली असती.

बूटपीनं आरोळी राउटरपलीकडं नेण्याचीही सोय केली. मधल्या यंत्रानं ती ऐकायची, ‘ही अमुक तारेवरून आली’ अशी खूण करून यादीवाल्याकडं द्यायची. एका विद्यापीठाला एक यादीवाला पुरू लागला. पण यादी अजून हातानंच लिहावी लागे. जन्मखूण अमुक, तर पत्ता तमुक, कायमचा. नवं यंत्र आलं की वहीवाल्याकडं जायचं ते जायचंच.

इथं जरा बाजूला एक वाट होती, तीही पाहून घेऊ. १९८५ मध्येच ॲपलनं मॅकिंटॉश संगणकांसाठी ॲपलटॉक नावाचं नेटवर्क आणलं. त्याचे मुख्य रचनाकार गुरशरण सिधू, भारतीय वंशाचे. त्यांच्या पद्धतीत यादीवाला नव्हताच. यंत्र सुरू झालं की मनानं एक नंबर निवडायचा आणि विचारायचं, हा कोणाचा आहे का? कोणी ‘माझा’ म्हटलं तर दुसरा निवडायचा. पंगतीत रिकामा पाट दिसला की विचारून बसावं तसं. लहान कचेरीत हे झकास चाले आणि वापरणाऱ्याला नेटवर्क म्हणून काही सेटिंग करायचं असतं हेच कळत नसे. हजार माणसांच्या पंगतीत मात्र असं विचारत फिरणं परवडत नाही. हीच कल्पना आयपीच्या जगात मे २००५ मध्ये रीतसर प्रमाण झाली. तुमच्या संगणकाला कधी १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की त्याला देणारा कोणी सापडला नाही आणि तो आपला आपण पाटावर बसला आहे.

आता मुख्य पात्र. १९८९ मध्ये इंटरनेटचं प्रमाणीकरण करणाऱ्या मंडळींनी यासाठी एक कार्यगट नेमला. त्यात पुढाकार होता पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांचा. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. संगणक मेजावर आला होता, आणि मेजावरून बॅगेतही जाऊ लागला होता. सकाळी एका इमारतीत, दुपारी दुसऱ्या इमारतीत. जन्मखुणेला कायमचा पत्ता बांधून ठेवण्याचा पायाच हलला. दुसरं, पत्ते संपणार ही भीती १९९० च्या सुरुवातीला खरी वाटू लागली होती.

ऑक्टोबर १९९३ मध्ये ड्रोम्सनी डीएचसीपीचं टिपण प्रसिद्ध केलं. संपादनातल्या चुकांमुळं त्याच महिन्यात ते नव्या क्रमांकानं पुन्हा काढावं लागलं. प्रमाण ग्रंथाच्या बाबतीतही असं होतं हे ऐकून प्रबंध छापलेल्या कोणालाही बरं वाटेल. आज जे टिपण आधारभूत मानतात ते मार्च १९९७ चं. वरवर पाहिलं तर हे बूटपीचंच वाढवलेलं रूप. पुडक्याचा साचा तोच, ६७ आणि ६८ ही दोन दारं तीच. बदल एका शब्दात होता: लीज. भाडेपट्टा.

हा शब्द का आणावा लागला? इथं आपण जरा थांबू, कारण सगळी गोम इथंच आहे. समजा यादीवाल्यानं हातातल्या ढिगातून एक पत्ता नव्या यंत्राला दिला. ठीक. पण तो परत कधी घ्यायचा? सभ्य यंत्र जाताना सांगेल की मी निघालो. तशी सोय ठेवलीही आहे. पण यंत्रं सांगून जात नाहीत. बॅटरी संपते, कोणी पिन उपटतं, माणूस लॅपटॉप मिटून लोकल पकडायला धावतो. उत्तर येत नाही याचा अर्थ यंत्र गेलं, झोपलं की मधली तार तुटली, हे दुरून ठरवता येत नाही. मौनाचे अर्थ अनेक असतात. मग ज्याला निघून गेल्याचं कधीच कळणार नाही, त्यानं दिलेली वस्तू परत मिळवायची कशी?

देतानाच मुदत घालायची. मुदत दोघांनाही माहीत, दोघांच्याही घड्याळात ती चालते. ती संपली आणि नूतनीकरण झालं नाही, तर पत्ता ढिगात परत. विचारपूस नको, तक्रार नको. मुंबई-पुण्यात घर भाड्यानं घेतलेल्यांना अकरा महिन्यांचा करार ठाऊक आहे. त्यामागं मालकाची भीती असते की माणूस आत बसला की उठणार नाही. इथं भीती उलटी आहे, भाडेकरू न सांगता निघून जाईल ही. तोडगा मात्र एकच.

व्यवहार चार बोलांत होतो. नवं यंत्र ओरडतं, कोणी देणारा आहे का? देणारा म्हणतो, हा पत्ता आहे, इतक्या वेळासाठी. यंत्र पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतं, मी याचा घेतो. देणारा म्हणतो, दिला. तिसरा बोल सगळ्यांना का ऐकवायचा? कारण पहिल्या आरोळीला दोघा-तिघांनी पत्ते काढून हातात धरलेले असू शकतात. ज्याचा घेतला नाही त्यानं आपला पुन्हा खिशात टाकावा. यात एक जुन्या वळणाची शालीनता आहे.

मुदतीचा निम्मा काळ गेला की यंत्र त्याच देणाऱ्याकडं जाऊन म्हणतं, वाढवून द्या. उत्तर नाही आलं तर थांबतं, पुन्हा विचारतं. आठातले सात भाग संपले तरी उत्तर नाही, तर मग सगळ्यांना विचारू लागतं, कोणी वाढवून देईल का. तेही नाही झालं तर मुदत संपताच पत्ता खाली ठेवायचा आणि गप्प व्हायचं. आपला चालू असलेला फोन, चालू असलेलं काम, सगळं सोडून. मुदत किती ठेवायची हे मात्र ज्यानं त्यानं ठरवायचं. रेल्वे स्टेशनवर तास-दोन तास, कचेरीत काही दिवस. अनंत मुदतही देता येते. त्यासाठी मुदतीच्या रकान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. तो सेकंदांत धरला तर सुमारे १३६ वर्षं होतात. अनंताची इतकी किरकोळ व्याख्या आम्ही दुसरीकडं वाचलेली नाही.

एक उणीव पहिल्यापासून राहिली. जो पहिला ‘मी देतो’ म्हणेल त्याच्यावर यंत्र विश्वास ठेवतं. पत्त्याबरोबर ‘पुढचा रस्ता कुठला’ हेही तोच सांगतो. म्हणजे कोणी भामटा मध्येच उठून देणारा बनला तर सगळी ये-जा आपल्या दारावरून वळवू शकतो. २००१ मध्ये ओळख पटवण्याची एक पद्धत जोडली गेली, पण ती फारशी वापरात आली नाही. कारण पुन्हा कोंबडी-अंडं: ओळख पटवायला आधी काहीतरी गुपित दोघांकडं असावं लागतं, आणि ते ठेवायचं म्हणजे पुन्हा हातानं, पुन्हा वही. शेवटी बंदोबस्त मधल्या स्विचवर केला गेला, की ठरलेल्या दारातूनच ‘मी देतो’ हा आवाज येऊ द्यायचा.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९९६ मध्ये काही पत्ते खाजगी म्हणून राखून ठेवले गेले. कोणीही आपल्या घरात वापरा, बाहेर नेऊ नका. १९२.१६८ वाले त्यातलेच. घरातल्या दहा यंत्रांनी बाहेर एकच पत्ता दाखवायचा, अशी युक्ती रूढ झाली. तुमच्या घरच्या वायफायच्या डबीत आज एक छोटा यादीवाला बसलेला असतो. तरीही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठीतले शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची कोठी त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला लागली. ज्यांना वतनं मिळाली नव्हती त्यांनी, आपल्यासारख्यांनी, मोबाइल कंपन्यांत हजारो ग्राहकांमागं थोडे पत्ते असा संसार चालवला.

आता दुसरा प्रश्न. पत्ता माझा असतो का?

आपल्या शास्त्रकारांकडं एक जुनं उदाहरण आहे. कोणी विचारतं, देवदत्ताचं घर कुठलं? दुसरा बोट दाखवून सांगतो, तो कावळा बसलाय ना, ते. कावळा घराचा भाग नाही. घर लाल असणं, दुमजली असणं हे विशेषण. ते घराबरोबर राहतं. कावळा हे उपलक्षण. त्यानं तेवढ्यापुरती ओळख करून दिली, मग तो उडाला तरी चालेल, विचारणाऱ्याला घर कळलेलं असतं. पोस्टेलच्या वहीतला पत्ता विशेषणासारखा होता. ड्रोम्सनी त्याचा कावळा केला. आणि हे शहाणपणाचंच होतं, नाहीतर आज आपण कोणी नेटवर्कवर नसतो.

पण उपलक्षणाची एक अट असते. सांगणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी त्या घराकडं पाहत असले पाहिजेत. कोणी तीन महिन्यांनी येऊन म्हणालं, ज्या घरावर कावळा बसला होता त्यातल्या माणसाला पकडा, तर? कावळा तोवर पन्नास घरांवर बसून गेला. अशा वेळी ‘केव्हा’ हे ‘कुठल्या’ इतकंच महत्त्वाचं होतं.

२००७ मध्ये ऑगस्ट सरता सरता बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. ऑर्कुट तेव्हा जोरात होतं. त्यावर शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर टाकल्याचा आरोप. धागा एकच होता: आयपी पत्ता. तो पत्ता वापरणारा ग्राहक कोण, असं इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारलं गेलं आणि तिथून या तरुणाचं नाव आलं. ते नाव चुकीचं होतं. चूक उघडकीला येऊन सुटका होईपर्यंत त्यानं सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढले. त्या काळात पुण्यात काय वातावरण होतं ते आपल्याला आठवत असेल. भांडारकर संस्थेवरचा हल्ला होऊन चार वर्षंही झाली नव्हती. अशा हवेत एका आकड्यापुढं एक नाव लिहून येतं, आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका उठत नाही, कारण आकडा आणि माणूस यांच्यातलं नातं त्याला पिनकोडसारखं वाटतं, चिकटलेलं. त्या नात्याला मुदत असते, ते कोणाच्या तरी नोंदवहीत उतरवलेलं असतं, आणि ती नोंदवही चुकू शकते किंवा वाचणारा चुकू शकतो, हे त्या अटकेच्या क्षणी कोणी विचारलं असतं तर?

म्हणून वही संपली असं आपण म्हणालो ते अर्धंच खरं. यंत्रानं पत्ते वाटायला सुरुवात केली आणि कारकुनी यंत्राकडं गेली. पण कुठला पत्ता केव्हापासून केव्हापर्यंत कोणाकडं होता, या नोंदीचं वजन पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारी संस्थेनं काढलेले निर्देश या दृष्टीनं वाचण्यासारखे आहेत. व्हीपीएनसारख्या सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांना दिलेल्या पत्त्यांची नोंद पाच वर्षं ठेवावी, असं त्यात आहे, आणि त्यावर वाद झाला तो रास्तच होता. वादात कमी बोललं गेलेलं दुसरं कलम असं की सगळ्यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवावीत. ते आम्हाला पटतं. ज्या मालमत्तेचं नाव दर तासाला बदलतं तिच्या खटल्यात पहिला साक्षीदार घड्याळ असणार.

शेवटचं वळण जन्मखुणेचं. नवे आयपी पत्ते, १२८ बिटांचे, आले तेव्हा यंत्रानं आपल्या कार्डाच्या क्रमांकावरूनच स्वतःचा पत्ता बनवावा अशी योजना होती. यादीवाला नको, मागणं नको. लवकरच लक्षात आलं की मग हा माणूस घरी, कचेरीत, परगावी कुठंही गेला तरी पत्त्याचं शेपूट तेच राहणार आणि त्याचा माग काढता येणार. जानेवारी २००१ मध्ये तोडगा आला, की ते शेपूट अधूनमधून यदृच्छेनं बदलावं. २०१९-२० च्या सुमारास अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींनी आणखी पुढं जाऊन वायफायला जोडताना खरी जन्मखूण सांगणंच थांबवलं. प्रत्येक वायफायला एक बनावट खूण सांगायची. जॉन गिलमोर, ज्यांनी १९८५ मध्ये ‘ही माझी जन्मखूण, माझा पत्ता सांगा’ ही पद्धत लिहिली, ते १९९० मध्ये डिजिटल जगातल्या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक झाले होते.

याचा त्रास आता यादीवाल्याला होतो. एखाद्या वसतिगृहात प्रत्येक फोन बनावट खूण घेऊन येतो, ती बदलली की पुन्हा नवा म्हणून येतो, नवा पत्ता घेतो, जुना मुदत संपेपर्यंत अडकून पडतो. ढीग रिकामा होतो. मग मुदत कमी करायची, दिवसाची तासावर आणायची. ते सहज करता येतं. ‘हा फोन कालचाच आहे का’ हे मात्र त्या यादीवाल्याला आता सांगता येत नाही, आणि त्याला ते सांगता येऊ नये अशीच पुष्कळांची इच्छा आहे.

चिठ्ठी लिहिणारे श्रोते आज आले असतील तर त्यांनी फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन सध्याचा पत्ता इथंच पाहून ठेवावा. १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारा असेल बहुधा. घरी पोचल्यावर पुन्हा पाहावा. इथला पत्ता तोवर या सभागृहाच्या डबीकडं मुदत मोजत पडून असेल, आणि उद्याच्या कार्यक्रमाला येणाऱ्या कोणाला तरी मिळेल.